छातीतलं मांजर

"सदरा वर करा," डॉक्टर म्हणाला आणि माझे कान तापले. डोक्यावरचे केस मागं सरकायला लागलेले, घरी बायको, दोन मुलं, आणि मी सदऱ्याचं टोक मुठीत धरून उभा. लहानपणी मुंबईच्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तिथूनच बोलावणं आलं होतं. तेव्हा ऑपरेशन झालेली पोरं मोठेपणी कशी जगतात, ते त्यांना बघायचं होतं. डॉक्टर माझ्याहून लहान. त्याच्यामागं शिकाऊ पोरापोरींचा घोळका, सगळ्यांच्या गळ्यात नळ्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्या डाव्या कुशीवर.

"कष्टाची कामं करता?"

"शेत आहे. नांगर धरतो, भारे वाहतो."

"धाप लागते?"

मला हसू आलं. "लागते की. सगळ्यांनाच लागते."

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या एका वाक्यापर्यंत पोचताना मी किती लाज गिळली होती, हे त्या पोराला काय सांगणार? आणि सदरा वर करण्याची लाज तर माझी अजून गेलेली नाही. ती वडिलांनी लावलेली.

आमचं गाव भिवपुरीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. भातशेती, चार म्हशी, आई-वडील, मी आणि माझ्या पाठची बहीण. मी लहानपणापासून किडकिडीत. सारखा खोकला, जरा पळालो की ओठ सुकायचे आणि मी मटकन खाली बसायचो. गळ्याच्या हाडाखाली डाव्या बाजूला हात ठेवला की आत घुरघुर लागायची. आई म्हणायची, पोराच्या छातीत मांजर बसलंय. कर्जतच्या डॉक्टरनं एकदा नळी लावली, पुन्हा लावली, आणि वडिलांना मुंबईची वाट दाखवली. आईच्या पोटात असताना मुलाच्या हृदयाशेजारी एक छोटी नळी उघडी असते. जन्मल्यावर ती आपोआप मिटायची असते. माझी मिटलीच नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी डाव्या कुशीतून आत जाऊन ती बांधून टाकली आणि मांजर गप्प झालं.

पोर जगलं म्हटल्यावर वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. गावात पाहुणा येवो, तलाठी येवो, म्हैस बघायला गिऱ्हाईक येवो, चहाच्या आधी माझी हाक व्हायची. "सदरा वर कर रं!" मग पाठीपासून छातीपर्यंत आलेली ती टाक्यांच्या व्रणाची जाड वळी सगळ्यांनी बोट फिरवून बघायची आणि वडिलांनी गोष्ट सांगायची. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी बरगड्या नुसत्या बाजूला सारल्या होत्या. पुढं त्या काढून टेबलावर ठेवल्या. आणखी पुढं तर काळीजच ताटात काढलं, धुतलं, पुसलं आणि जाग्यावर बसवलं. एका लग्नात मांडवात वरमाईसमोर त्यांनी मला उघडा केला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

हे एकीकडं. दुसरीकडं आई. शेवटच्या तपासणीला डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, "आता याला काही नाही. खेळू दे, पोहू दे, मोठा झाला की नांगर धरू दे." आई घरी येऊन म्हणाली, "डॉक्टराला काय जातंय बोलायला? त्याचं पोर हाय का?" दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी ती झाली. मी कळशी उचलायची नाही, झाडावर चढायचं नाही, ओढ्यात उतरायचं नाही. रोज सकाळी उठल्यावर ती माझ्या छातीवर हात ठेवून डोळे मिटून उभी राहायची, मांजर परत आलं का बघायला. नाही आलेलं कळलं की मग चूल पेटवायची.

म्हणजे गंमत बघा. वडील मला गावभर दाखवत फिरायचे की पोरगा ठणठणीत झाला, आणि आई त्याच ठणठणीत पोराला सावलीत बसवून घोट घोट पाणी पाजायची. गावच्या पोरांनी माझं नाव ठेवलं बरणी. लोणच्याची चिनी मातीची असते ना, वरच्या फळीवर ठेवतात, कुणी हात लावायचा नाही, ती. "ए बरणी, सरक, फुटशील!"

वाईट वाटायचं ते भाताच्या लावणीला. सगळं गाव गुडघाभर चिखलात. पाठीवर इरली घेऊन बाया ओणव्या, गडी चिखलणी करताहेत, धाकटी पोरं रोपांच्या मुठी फेकताहेत, आणि मी, मिसरूड फुटलेला घोडा, बांधावर छत्री घेऊन बसलेला. माझ्या वाटणीचं काम बहीण करायची. माझ्याहून लहान, पण डोक्यावर रोपांची पाटी घेऊन ती समोरून जायची तेव्हा मी उगाच आभाळाकडं बघायचो. बसून करायचं काय, म्हणून कधी कधी सूचना द्यायचो, "तिकडच्या कोपऱ्यात विरळ लागलंय." ती म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकू नको. ये खाली नि लाव." मग आई कुठून तरी ओरडायची, "त्याला नको गं बोलवू!" आणि मी बसलेलाच. लाज वाटायची. पण खोटं कशाला बोलू, छत्रीखाली कोरडंही वाटायचं.

माझं सोळावं सरत होतं त्या वर्षीची गोष्ट. लावणी ऐन भरात असताना वडील बांधावरून एका माणसाला घेऊन आले. पळसदरीच्या पुढं, खालापूरच्या बाजूचा शेतकरी. कर्जतच्या बाजारात वडिलांची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. त्याच्या खांद्यावर सहा-एक वर्षांची मुलगी, पोत्याखाली गुरफटलेली. नुसते डोळेच दिसत होते. तिच्या हृदयाचीही तीच नळी उघडी राहिली होती. डॉक्टर ऑपरेशन करायला सांगत होते. नाही केलं तर पोरगी फार दिवस काढणार नाही, असंही सांगितलं होतं. घरात म्हातारी म्हणत होती, पोरीच्या जातीला कापून आणायचं नाही. त्याचं मन ठरत नव्हतं. ऑपरेशन झालेला मुलगा पुढं कसा होतो, ते डोळ्यांनी बघावं म्हणून तो पावसातून चालत आला होता.

वडिलांनी हुकूम सोडला. मी छत्री ठेवली, सदरा वर केला. माणसानं वळीकडं नीट बघितलंही नाही. त्यानं मुलीला खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "हिच्या हाडाखाली हात लाव बाबा. तुजं असंच होतं का, सांग."

मी हात लावला. माझी बोटं गारठली होती, मुलगी शहारली. आत मांजर घुरघुरत होतं. माझंच. इतक्या वर्षांनी ओळखीचं कुणी दारात भेटावं तसं झालं. मी म्हणालो, "हां. असंच."

मुलीनं विचारलं, "तुजं कुटं गेलं?"

"डॉक्टरांनी काढलं."

"मारलं?"

"नाय गं. सोडून दिलं."

तिला ते पटलेलं दिसलं. तिचा बाप मात्र आता माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होता. माझे पांढरे, कोरडे पाय त्यानं बघितले. चिखलातून वर येणाऱ्या माझ्या बहिणीचे पाय बघितले. मग विचारलं, "नि तू काय करतोस?"

"शाळेत जातो."

"ते झालं. शेतावर काय करतोस?"

मी सदरा खाली ओढला. तेवढ्यात आई वर आली, पदरानं माझं डोकं पुसत म्हणाली, "त्याला नाय जमत ओ. त्याचं ऑपरेशन झालंय." आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला.

"जमतं, जमतं!" वडील ओरडले. "डॉक्टर म्हनालेत, नांगर धर! हीच धरू देत नाय."

"मेला म्हंजे धरू द्यायचं का?"

दोघांची त्या परक्या माणसासमोर जुंपली. मी तांब्या तोंडाला लावून मध्ये उभा. मुलगी एकदा आईकडं, एकदा वडिलांकडं बघत होती. माणूस बांधावर टेकून ऐकत होता. शेवटी उठला, मुलीला खांद्यावर घेतलं आणि वडिलांना म्हणाला, "दादा, राग नका मानू. बैल गोठ्यात बघायचा नसतो, जुवाखाली बघायचा असतो. पोरगी कापून आनली नि जल्मभर अशी बसवून ठेवायची झाली, तर उद्या हिला करून कोन घेईल?" आणि पावसातून निघून गेला. वळणावर जाईपर्यंत ती मुलगी मागं वळून माझ्या छत्रीकडं बघत होती.

वडील मटकन बांधावर बसले, माझ्याच जागेवर. "तुझ्या मायेपायी त्या पोरीचा जीव जानार," ते आईला म्हणाले. आई खाली उतरली आणि ओणवी होऊन लावायला लागली.

मला बघून गेलेल्या माणसानं मुलीला घरी बसवायचं ठरवलं होतं. माझ्यामुळं. माझ्या कोरड्या पायांमुळं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी आली, माझ्या छातीवर हात ठेवला, आणि मी तो झिडकारला. "हात नको लावू मला!" म्हणालो. ती चुलीकडं गेली. त्यानंतर तिनं कधी हात ठेवला नाही. मीही तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागलो.

दुपारी बहिणीनं मला गोठ्यामागं गाठलं.

"तुला जमतं का नाय जमत रं? खरं सांग."

"मला ठाऊक नाय."

"म्हंजे?"

"कधी केलंच नाय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच कीव आली. सोळा वर्षांचा मुलगा, डॉक्टर म्हणतात बरा, आई म्हणते नाजूक, बाप म्हणतो वाघ, आणि ज्याची छाती त्यालाच पत्ता नाही. "चल मग," ती म्हणाली.

आई घरी भाकऱ्या थापत होती तेवढ्यात आम्ही खालच्या शेतात गेलो. बहिणीनं रोपांनी भरलेली पाटी माझ्या डोक्यावर दिली. पाणी गळतंय, चिखल पाय धरतोय, मान थरथरतेय. चार वाफे ओलांडले असतील, छातीत धाडधाड सुरू झालं. कानात, गळ्यात, दातांत. मला वाटलं, संपलं. बांधलेली नळी सुटली. पाटी टाकली, चिखलातच आडवा झालो, डोळे मिटले. म्हटलं, "आयला सांग..."

बहीण येऊन माझ्यावर वाकली. "मेलास का?"

मी एक डोळा उघडला.

"नाय? मग ऊठ. रोपं तुडवलीस."

"माझ्या छातीत बघ कसं होतंय," मी म्हणालो. मला रडू येत होतं. तिनं माझा हात ओढून आपल्या गळ्याशी धरला. तिथं तसंच धाडधाड चाललं होतं. माझ्याइतकंच, थोडं जास्तच.

"माझी रोज अशी धडधडते," ती म्हणाली. "मला कुनी निजवलं का?"

चिखलात पडल्या पडल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाप म्हणजे रोग, असं मी समजून बसलो होतो. ती माझ्या एकट्याच्या मालकीची आहे, असंच समजलो होतो. समोर वाकलेल्या सगळ्या बाया, गडी, म्हातारे, सगळे धापाच टाकत होते आणि टाकत टाकत शेत लावत होते. कुणी त्याची गोष्ट सांगत नव्हतं.

मी उठलो. त्या दिवशी आणखी दोन पाट्या नेल्या, आणि दोन्ही वेळा ओकलो. तळहातांना फोड आले, कंबर आठवडाभर सरळ झाली नाही. वडिलांना कळलं, पण त्यांनी न कळल्याचं सोंग घेतलं. एवढी अक्कल त्यांनी आयुष्यात एकदाच दाखवली. आईलाही कळलंच. तिनं अडवलं नाही. फक्त मी खाली उतरलो की ती बांधावर येऊन बसायची, तांब्या शेजारी ठेवून. पाणी मात्र देत नसे. मी मागितलं असतं तर दिलं असतं. मी मागितलं नाही.

लावणी झाली, भात पिवळं पडलं, कापणी झाली, भारे खळ्यावर आले, झोडणी झाली. मी सगळ्यात होतो. पोरांनी बरणी म्हणायचं सोडलं नाही, पण आता म्हणताना माझ्या हाताच्या अंतराबाहेर उभी राहायची. हे सगळं बरं चाललेलं, पण डोक्यातून ती मुलगी जाईना. त्या बाजूला आमची सोयरीक नव्हती, खबर येणार कुठून? मी मनात त्या माणसाशी भांडायचो. ये आता, बघ जुवाखाली. मग वाटायचं, बघायला तो येईल, पण मुलगी असेल का?

माघ लागला तेव्हा वडिलांना म्हणालो, "मी जाऊन येतो."

त्यांनी कुठं, असं विचारलं नाही. "रिकाम्या हातानं जाऊ नको. नवे तांदूळ ने," म्हणाले, आणि अर्धं पोतं भरून दिलं. आई म्हणाली, "कुनाच्या गाडीतून पाठवा की." मी पोतं उचललं आणि डोक्यावर घेतलं, तिच्या समोर, मुद्दाम.

कर्जतपर्यंत एस. टी., पुढं पायी. पळसदरीला तळ्याकाठी जरा टेकलो, तेही कुणी बघत नाही ना बघून. पोतं गावात कसं न्यायचं, हे ठरलेलं होतं. वेशीपासून डोक्यावर, ताठ मानेनं, त्याच्या अंगणापर्यंत, आणि धप्पकन त्याच्या पायाशी. आणि म्हणायचं, "बघा." फार तर तो मान खाली घालील. मुलगी गेली असेल तर काय म्हणायचं, ते ठरत नव्हतं. त्या विचारापाशी आलो की पाय आपोआप हळू पडायचे.

वेशीवर एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती. मी त्या माणसाचं घर विचारलं.

"ती ऑपरेशनवाली पोरगी? त्या आंब्याखाली बघ."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. आंब्याखाली गेलो. सावलीत एक बाजलं, बाजल्यावर गोधडी, गोधडीवर ती. कानांना फडकं बांधलेलं, हातात दुधाचा पेला. गालांवर मांस आलेलं. लांब कुंपणाशी पोरं विटीदांडू खेळत होती आणि ती त्यांच्याकडं बघत होती. मी जसा बघायचो तशी.

तिनं मला ओळखलं. "माजं पन सोडून दिलं," म्हणाली.

तिचा बाप खळ्यावरून आला. मी पोत्याखाली घामानं निथळत उभा. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "मला वाटलं, तुमी नाय नेली. तुमी ते बैलाचं बोललात..."

त्याचा चेहरा पडला. "बोललो खरं. पळसदरीपर्यंत तेच डोक्यात घेऊन चाललो. मग पोरगी खांद्यावर झोपली. कानाशी तिचं ते घुरघुर. म्हटलं, तू काय बैल बघाया गेला होतास का रं?" त्यानं बाजल्याकडं बघितलं. "तुझा बाप लय बोलला. त्येच्यावर काय माझा इस्वास बसला नाय. पन तुझी आय बघितली. सोळा वर्सांच्या घोड्याला हातानं पानी पाजत होती. म्हटलं, हिचं पोर हाय, म्हनून ही पाजते. माझी बायको उद्या कुनाला पाजील? काम नाय केलं तर नाय केलं. बांधावर बसलेली दिसली तरी पुष्कळ झाली."

मी तसाच उभा होतो. अर्धं पोतं तांदूळ डोक्यावर, आणि त्याच्यासारखं निरुपयोगी ओझं जगात नाही असं वाटत होतं. सहा महिने मी फोड फोडून घेतले होते ते याला दाखवायला. याला ते बघायचंच नव्हतं. मी ज्याची लाज धरून आईचा हात झिडकारला, तेच बघून यानं मुलगी वाचवली होती.

"उतरव की आता, बाबा," तो म्हणाला आणि त्यानंच हात लावून पोतं खाली घेतलं.

मुलीची आई धावत बाहेर आली. मला बसायला घातलं, गूळ दिला, पाणी दिलं. मोठ्या उत्साहानं सांगायला लागली. "ह्यांनी सांगितलं मला, तुमची आय कशी जपते. आमी तस्संच करतो. हिला खाली उतरूच देत नाय. शेंगा सोलते म्हनाली, तर त्या पन काढून घेतल्या हातातनं. बरोबर करतो ना?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हनाले, आता खेळू दे. पन डॉक्टराला काय जातंय बोलायला?"

गूळ माझ्या तोंडात तसाच राहिला. आंब्याखालचं ते बाजलं, फडकं, पेला, सगळं आमच्या बांधावरून उचलून इथं आणून मांडलं होतं. मी नसतो तर मुलगी वाचली नसती, आणि मी होतो म्हणून ती बाजल्यावर होती.

मग मला जे सांगता येत होतं ते सांगितलं. तळहात दाखवले. चिखलात आडवा होऊन मरायची वाट कशी बघितली आणि बहिणीनं येऊन "मेलास का?" कसं विचारलं, ते सगळं, काही न झाकता. वडिलांच्या गोष्टीत मी नेहमी वाघ असायचो. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगत होतो आणि हिच्यात मी पुरता गाढव होतो. मुलगी खदखदून हसली. तिचा बापही हसला. आई हसली नाही.

मी पोत्याचं तोंड सोडलं, शेराचं माप अर्धं भरलं आणि मुलीपुढं धरलं. "आत नेऊन ठेव."

तिनं आईकडं बघितलं. आई नवऱ्याकडं. तो जमिनीकडं बघत होता. मग आईनं मान हलवली, तीही हलली की नाही कळू नये इतकी. मुलगी बाजल्यावरून उतरली, माप पोटाशी धरलं आणि निघाली. अंगणाच्या मध्यावर थांबली. एक हात छातीवर गेला. तोंड पांढरं. कुंपणाशी विटीदांडू थांबला. तिची आई झेपावली आणि मी मध्ये गेलो.

"धडधडतंय," मुलगी म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि तिचा हात माझ्या छातीवर ठेवला. ओझ्यानं आणि भीतीनं माझंही तेवढंच उडत होतं.

"मांजर?" तिनं विचारलं.

"नाय गं. मांजर गेलं. ही धाप हाय. सगळ्यांना लागते. तुझ्या आयला पन आता लागली असंल बघ."

ती मागं वळून आईकडं बघत राहिली. आई खरोखरच पदर छातीशी धरून धापा टाकत होती. मुलीला ते पटलं असावं. ती आत गेली. येताना रिकामं माप वाजवत पळत आली.

ती पुढं नांदायला गेली, तिला दोन मुलं झाली, आणि डोक्यावर भारा घेऊन ती माझ्याहून झपाझप चालते. हे मी निघता निघता त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, छान. पण मला आठवते ती तांदूळ देऊन आलो त्या दिवसाची संध्याकाळ.

मी घरी आलो तेव्हा आई पडवीत बसून होती. सकाळपासून तिथंच होती, असं बहिणीनं नंतर सांगितलं. मला बघून ती उठली. पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हता.

"पोरगी हाय ना रं?"

"हाय."

तिनं डोळे मिटले. वडिलांचं ते वाक्य, तुझ्या मायेपायी त्या पोरीचा जीव जानार, ती तेव्हापासून एकटी घेऊन बसली होती, आणि घरात तिच्याशी बोलायला मी नव्हतो. मला म्हणायचं होतं, आये, तुला बघून नेली त्यांनी. तू पाणी पाजत होतीस ते बघून. म्हणालोही, पण शब्द इतके वेडेवाकडे आले की तिला किती कळलं कोण जाणे. मान वर करून तिच्याकडं बघवत नव्हतं.

"धाप लागली का रं?" तिनं विचारलं. घाबरत विचारलं, मी पुन्हा खेकसेन म्हणून.

"लागली," मी म्हणालो.

तिचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. मी तो धरला आणि छातीवर ठेवला. तिनं पूर्वीसारखे डोळे मिटले आणि कान लावल्यासारखी बराच वेळ उभी राहिली.

"मांजर नाय," म्हणाली. "बस जरा."

मी बसलो. तिनं तांब्या आणला, आणि मी तिच्या हातून पाणी प्यालो, घोट घोट.